हेडफोनची पाठ: बंद की उघडी?

हेडफोनचा पडदा थरथरला की आवाज कानाकडे जातो, तसाच मागेही जातो. या मागच्या आवाजाचे काय करायचे? १९३७ साली बर्लिनमध्ये ऑयगेन बायर यांच्या कंपनीने काढलेल्या डीटी ४८ मध्ये पडद्यामागची डबी बंद होती. १९६८ साली जर्मनीतल्याच झेनहायझर कंपनीने एचडी ४१४ मध्ये ती उघडी ठेवली. संगीत मोकळे वाटू लागले, पण बाहेरचा गोंगाटही आत आला. गोंगाट झाकायला आपण आवाज वाढवतो. त्याची किंमत कान मोजतात. म्हणून वर्दळीच्या जागी ऐकणाऱ्याने नवा हेडफोन बंद पाठीचाच घ्यावा. मात्र कानाभोवतीची गादी आधी तपासा. फट राहिली, तर खर्जाच्या कंपनांचा दाब तिथून निसटतो आणि डग्ग्याची घुमक हरवते.