दोन ध्रुवांमधला द्रव

मार्च २०२२मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेवरची स्कूटर पेटली. त्या आगीची चित्रफीत पाहता पाहता मोबाइलवरून मोबाइलवर फिरली. ती पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याच जातीची बॅटरी होती. पुढे चर्चा झाली ती उन्हाळ्याची, चार्जरची, मालाच्या दर्जाची. या बॅटरीत पेट घेण्याजोगे नेमके काय असते आणि ते तिथे का ठेवलेले असते, हा प्रश्न मागे पडला.

त्याच्या उत्तराचा मोठा भाग बॅटरीच्या दोन ध्रुवांमधल्या द्रवात आहे. शालेय पुस्तकांत त्याला ‘विद्युत अपघटनी’ म्हणतात, कारखान्यात इलेक्ट्रोलाइट. लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे ये-जा करतात ते याच्यातून. २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले, ते प्रामुख्याने ध्रुवांच्या द्रव्यांसाठी. मधल्या द्रवाचे श्रेय मात्र अनेकांत विखुरले आहे. त्याचा इतिहास पाहिला की कळते, हा ज्वालाग्राही द्रव निष्काळजीपणाने तिथे आलेला नाही. बॅटरीला जगवणारा आणि जाळणारा पदार्थ एकच आहे.

पाण्याला मज्जाव

मोटारीच्या जुन्या शिसे-आम्ल बॅटरीत पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. ते हात भाजेल, पण पेटणार नाही. लिथियमला ही सोय नाही. लिथियम धातू पाण्याशी जोरात अभिक्रिया करतो, आणि लिथियम बॅटरीचा साडेतीन-चार व्होल्टचा दाब साध्या पाण्याला सोसत नाही. त्याचे विघटन होते. म्हणून सेंद्रिय द्रावकांकडे वळावे लागले, आणि त्यांतले बहुतेक जळणारे.

१९७०च्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड आणि लिथियम धातू यांची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. प्रयोगशाळेत इतक्या वेळा आग लागली, की लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे वसूल करू, अशी तंबी अग्निशमन दलाने दिली. चार्ज करताना लिथियम सपाट न बसता सुयांसारखे वाढते. सुई समोरच्या ध्रुवाला टेकली की शॉर्टसर्किट होते, आणि भोवती जळणारा द्रव असतोच.

कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीने तरीही लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या. १९८९मध्ये जपानमध्ये मोबाइल फोनमधली अशी बॅटरी पेटली, माल परत घ्यावा लागला आणि कंपनी डबघाईला आली. याच दशकात जपानच्या असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी धातू काढून त्या जागी कार्बन वापरला. त्यांनी बॅटरीवर जड वजन टाकून पाहिले. ती पेटली नाही. १९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली. धातू गेला, द्रव राहिला.

एका मिथिल गटाचा फरक

कार्बनांमध्ये ग्रॅफाइट सर्वांत सोयीचे, पण त्यात एक अडचण होती. त्या काळी आवडता द्रावक होता प्रॉपिलीन कार्बोनेट. तो उणे ४९ अंशांपर्यंत गोठत नाही आणि क्षार उत्तम विरघळवतो. पण लिथियमबरोबर तोही ग्रॅफाइटच्या थरांत घुसे आणि वहीची पाने सुटावीत तसे थर सोलून काढी. त्याचा भाऊबंद एथिलीन कार्बोनेट. रेणूत फरक एका मिथिल गटाचा. पण हा ३६ अंशांच्या खाली घट्ट, म्हणून दुर्लक्षित.

१९९०मध्ये फाँग, फॉन सॅकेन आणि जेफ डान यांनी दाखवले, की एथिलीन कार्बोनेट असेल तर पहिल्याच चार्जमध्ये द्रवाचा थोडा भाग विघटित होऊन ग्रॅफाइटवर पातळ साय धरते. ती आयनांना जाऊ देते, पण द्रावकाला अडवते. अशा थराची कल्पना इस्राएलचे इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९मध्येच मांडली होती. विशेष म्हणजे हे तिघे मोली एनर्जीचेच संशोधक. ज्या कंपनीचे आगीने नुकसान केले, तिथूनच पुढच्या बॅटरीची किल्ली मिळाली.

पुढे घट्ट एथिलीन कार्बोनेट पातळ करण्यासाठी डायमिथिल कार्बोनेटसारखे द्रावक मिसळू लागले. याची वाफ सुमारे १७-१८ अंशांनाही ठिणगीने पेटते. म्हणजे पुण्यातल्या थंडीच्या दुपारीसुद्धा. त्यात लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट हा क्षार. बॅटरी शंभर अंशांच्या आसपास तापली की ती साय तुटू लागते, तिच्या तुटण्यातून आणखी उष्णता निघते, मधला प्लास्टिकचा पडदा वितळतो, अनेक प्रकारच्या बॅटऱ्यांत धनाग्रातून प्राणवायू सुटतो आणि द्रवाची वाफ पेटते. आग विझवणारी फॉस्फेटे मिसळून पाहिली, तर पुरेशा प्रमाणात घातल्यावर ती साय नीट धरेना. जळणे कमी झाले, तसे बॅटरीचे आयुष्यही.

घन म्हणजे सुरक्षित?

मग द्रवच नको, ही कल्पना स्वाभाविक होती. आणि ती जुनीही आहे. काही घन पदार्थ तापवल्यावर वीज वाहून नेतात, हे मायकेल फॅरडेने १८३०च्या दशकातच नोंदवले होते. १९७३मध्ये इंग्लंडमध्ये पी. व्ही. राइट आणि सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइड या बहुवारिकात क्षार मिसळून वहन दाखवले. फ्रान्सचे मिशेल आर्मांड यांनी १९७८मध्ये त्याची बॅटरी करण्याचा प्रस्ताव मांडला. अडचण एवढीच, की हे बहुवारिक साठ-सत्तर अंशांना तापवल्याशिवाय नीट काम करत नाही. फ्रान्सच्या बोलोरे समूहाने अशा बॅटऱ्यांच्या मोटारी आणि बस रस्त्यावर आणल्या. एप्रिल २०२२मध्ये, लोहगावच्या आगीनंतर काही आठवड्यांतच, पॅरिसमध्ये अशा दोन बस पेटल्या आणि १४९ बस काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. द्रव नव्हता, लिथियम धातू मात्र परत आला होता.

खनिजांचेही तसेच. २००७मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठात रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन तंगदुराई आणि वेर्नर वेपनर यांनी लिथियम, लँथॅनम आणि झिर्कोनियमचे गार्नेट सिद्ध केले. ते जळत नाही, पण मातीच्या भांड्यासारखे ठिसूळ, आणि त्याच्या कणांमधल्या सांध्यांतूनही लिथियमच्या सुया वाट काढतात. २०११मध्ये जपानच्या र्‍योजी कान्नो यांच्या गटाचा सल्फाइड पदार्थ वहनात द्रवाच्या बरोबरीला पोचला. पण दमट हवा लागली की त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो.

पन्नास वर्षांच्या या प्रवासात धोका नाहीसा झाल्याचे दिसत नाही. तो जागा बदलत आला आहे. धातूतून द्रवात, द्रवातून पुन्हा धातूत, कधी सांध्यात, कधी हवेतल्या दमटपणात. म्हणून ‘सॉलिड-स्टेट, म्हणजे शंभर टक्के सुरक्षित’ अशी जाहिरात उद्या दिसेल, तेव्हा एक साधा प्रश्न विचारावा: इथला धोका आता कुठे गेला आहे? व्हिटिंगहॅमपासून कान्नोपर्यंतच्या संशोधकांना प्रत्येक टप्प्यावर याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले. विकणाऱ्यांनीही त्याचे उत्तर द्यायला हवे. रात्री उशाशी फोन चार्जिंगला लावून आपण झोपतो, ते कोणीतरी हा प्रश्न विचारला असेल या भरवशावरच.