कासरा आणि किल्ली

इंद्रायणीच्या काठी चऱ्होली नावाची दोन गावे आहेत. एक बुद्रुक, दुसरे खुर्द. बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. खुर्द खेड तालुक्यातच राहिले. मध्ये नदी तेवढी. आज चऱ्होली बुद्रुकात वाघेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याने सहज फेरफटका मारला, तर नव्या इमारतींच्या कुंपणाशी धूळ खात उभी असलेली एखादी मोटार हमखास दिसते. मागच्या काचेवर कागद चिकटवलेला असतो : ‘विकणे आहे’. चाकण-भोसरीच्या कारखान्यात खपणारा एखादा कामगार बायकोमुलांसह तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो, काचेला हाताचा आडोसा करून आत डोकावतो आणि मनाशी हिशेब करू लागतो. लाख-दीड लाखाची गोष्ट असते. पैसेवाल्याच्या दृष्टीने ही रक्कम मोठी नव्हे. पण त्या माणसाची ती तीनचार वर्षांची शिल्लक असते, आणि फसला तर दुसऱ्यांदा प्रयोग करावयाची त्याला ऐपत नसते.

या माणसाने काय पाहावे, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रज्ञाचा आहे. मला तो इतिहासाचाही वाटतो. कारण जुनी मोटार घेताना जी जी तपासणी करावयाची, तिच्यातील प्रत्येक कलम कोणत्या तरी काळात कोणी तरी फसल्यामुळे जन्मास आले आहे.

आरंभ मोटारीच्याही आधीपासून करावा लागेल. या पंचक्रोशीतला शेतकरी बैल घ्यावयाचा, तर चाकणचा शनिवारचा बाजार गाठी. तेथे हेडी असत, दलाल असत, उपरण्याखाली बोटे धरून होणारे मुके सौदे असत. बैल विकणाराही काही कमी नव्हता. शिंगे साळून, त्यांना हिंगूळ लावून, अंग घासूनपुसून म्हातारा बैल तो तरणा करून उभा करी. म्हणून घेणारा रंगाकडे पाहतच नसे. तो जबडा उघडून दात मोजी. आदत, दुसा, चौसा, सहादाती आणि शेवटी जुळलेला, असे बैलाचे वय दातांवरून कळे. पण जुळल्यानंतर बैल पाच वर्षांचा की दहा वर्षांचा, हे दात नेमके सांगत नाहीत. मग खांदा पाहावयाचा, खूर पाहावयाचे, आणि सर्वांत शेवटी त्याला जुंपून चालवावयाचे. उभा असताना देखणा दिसणारा बैल जू मानेवर येताच बसला, तर सौदा तेथेच मोडे. हे सारे झाले की पैसे मोजले जात, बाजाराची पावती फाडली जाई आणि कासरा घेणाऱ्याच्या हाती दिला जाई. कासरा हाती आला की व्यवहार संपला. पुढे त्या बैलाने कोणाला शिंग मारले, तरी ती उठाठेव नव्या धन्याची. हा कासरा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आपल्याकडे मोटारीचा धंदा रुजला तो परदेशी सुट्या भागांवर. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सल्ला दिला, की येथेच गाडी बनविण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी आहे त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. परदेशी जोडणीवाले निघून गेले. सामान्य माणसाच्या वाट्याला अॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड अशी तीनच नावे उरली. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९५९ साली सरकारने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणले. नवी गाडी मिळालेल्याने ती ठराविक मुदतीत परवानगीविना विकू नये, असे बंधन घातले. बंधन घालावे लागले, यातच सारे आले. रांगेत उभे न राहता लगेच मिळते, एवढ्याच गुणावर जुनी फियाट नव्या फियाटपेक्षा महाग विकली जाई.

त्या काळच्या गिऱ्हाइकाला निवड कसली? गाडी मिळते आहे, हेच भाग्य. परीक्षा होई ती इंजिनाची. सायलेन्सरमधून निळा धूर निघतो का, म्हणजे इंजिन ऑइल पिते का; चढावर दम टाकते का; आणि पुढे सुटे भाग मिळतील का. यंत्र साधे होते. हुशार मिस्तरी कानाने रोग ओळखी आणि पाना घेऊन बरा करी. म्हणूनच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाणारी ती फियाट मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी २०२३ सालापर्यंत रस्त्यावर ठेवली. जुनी गाडी म्हणजे दुरुस्त होणारी गाडी, हा आपला समज त्या युगाचा आहे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हे युग सरू लागले. पुढे पिंपरीच्या कारखान्यात १९९८ साली इंडिका तयार झाली. कर्जावर गाड्या मिळू लागल्या. रांग संपली आणि हप्ते सुरू झाले. येथे तपासणीत नवे कलम शिरले. गाडी विकणाऱ्याची असते, पण तिच्यावर बोजा बँकेचा असतो. तेव्हा आरसी बुकावर कर्जाची नोंद आहे काय, असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म आहे काय, हे पाहणे इंजिन पाहण्याइतकेच अगत्याचे झाले. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तेथील आरटीओचाही ना-हरकत दाखला लागतो. चासीवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून कागदाशी ताडून पाहावा. मोगली लष्करात घोड्याला डाग देत आणि स्वाराचा चेहरा वहीत लिहून ठेवीत, ते हजेरीला चांगला घोडा दाखवून लढाईला तट्टू आणू नये म्हणून. चासीचा नंबर हा त्या डागाचाच नातू आहे.

दुसरे कलम पावसाने घातले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य मोटारी बुडाल्या. पुरात बुडालेली गाडी धुऊन-वाळवून लांबच्या बाजारात नेता येते. पण पाणी खुणा सोडून जाते. पायाखालचा गालिचा उचलून हात फिरवावा, कुबट वास येतो का पाहावे, सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का तपासावे. सीटखालचे खिळे-बोल्ट गंजले असतील, तर विकणाऱ्याच्या शपथेपेक्षा त्यांची साक्ष अधिक खरी मानावी.

किलोमीटरच्या आकड्याची गोष्ट बैलाच्या दातांसारखीच. बैलाचे दात खोटे बसविता येत नसत. आकडा मात्र मागे फिरविता येतो. म्हणून आकड्याकडे नव्हे, पायांकडे पाहावे. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेकचे रबर गुळगुळीत होत नाही, स्टिअरिंगचे कातडे चकाकत नाही. टायरवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच बाजूने झिजले असतील, तर खालचा सांगाडा कधी तरी वाकला असावा, असा संशय घ्यावा. दारे आणि बॉनेट यांच्या फटी सारख्या आहेत का, बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पान्याने खरचटले आहेत का, हे उन्हात पाहावे. संध्याकाळी किंवा पावसात गाडी पाहावयास जाऊ नये. ओल्या अंगावर सारे रंग सारखेच दिसतात.

इंजिन थंड असताना जावे. मालकाने आधीच सुरू करून ठेवले असेल, तर उद्या सकाळी येतो म्हणावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याचा संशय धरावा आणि जाणत्या मिस्तरीला दाखविल्यावाचून पुढे जाऊ नये. हल्ली पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या चिरल्या आहेत का, हेही पाहावे. आणि मग बैलासारखे जुंपून पाहावे. चढावर, खड्ड्यांतून, मोकळ्या रस्त्यावर, निदान अर्धा तास.

आता कासऱ्याकडे येऊ. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवावयाचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यावयाचे. एकोणतीस व तीस नंबरचे फॉर्म त्यासाठीच आहेत. पण आपल्या मनात बाजारातला कासरा अजून आहे. किल्ली हाती दिली, पैसे घेतले, चहा झाला, की व्यवहार संपला असे दोघेही समजतात. सह्या केलेले कोरे फॉर्म दलालाच्या पिशवीत पडून राहतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. गाडी एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास, अशी हातोहात फिरली होती. नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर. मधल्या काळात अपघात झाला. न्यायालयाने सांगितले, की कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव नोंदीत आहे; भरपाईची जबाबदारी त्याचीच. ज्याने गाडी वर्षांपूर्वी विसरून टाकली होती, त्याच्या दाराशी ती परत येऊन उभी राहिली.

म्हणजे मोटारीच्या बाबतीत किल्ली हा कासरा नव्हेच. कासरा म्हणजे आरसीवरचे नाव, आणि ते बदलेपर्यंत बैल दोघांच्याही दावणीला बांधलेला असतो. म्हणून विकणाऱ्यानेही तपासणी केली पाहिजे : ज्याला गाडी देतो तो ती खरोखर नावावर करून घेतो काय? घेणाऱ्याने नोंदणीची मुदतही पाहावी. खासगी गाडीची नोंद पंधरा वर्षांची असते, नंतर पाचपाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते, त्याचे एक कारण हेही असते.

चाकणच्या बाजारात इसार देण्याआधी शहाणा शेतकरी एक गोष्ट करी. बैल पसंत पडला तरी तो बाजारातून एक फेरी मारून येई. दलाल ओरडे, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे म्हणे. हा वळून पाहत नसे. रिकाम्या हाताने घरी परतण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच दात नीट मोजता येतात, हे त्याला ठाऊक होते. टंचाईच्या वर्षांत मोटारीच्या गिऱ्हाइकापाशी हे स्वातंत्र्य नव्हते, आज आहे. चऱ्होलीच्या रस्त्यावर त्या धुळकट गाडीभोवती फिरणाऱ्या माणसाला, बाकी सारे राहू द्या, एवढेच सांगावेसे वाटते : आज घेऊ नका, उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, पुन्हा या.