दोन वर्षं आणि सहा वर्षं: रॉटरडॅमचे दोन पेपर

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, लिटरेचर रिव्ह्यू लिहितेय. संपृक्त मेद जास्त खाल्ले की स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, याला काल्माइन १९९७ टाकू का?" मी लिहिलं, टाक, पण शेजारी एंगेलहार्ट २००२ टाकल्याशिवाय नको. "का?" असा तिचा लगेच प्रश्न. उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून इथे लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. मेंदूच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग मेदाचा असतो, त्यामुळे 'काय खाल्लं की मेंदू चांगला राहील' हा प्रश्न जुनाच. पण त्याला खरी धार आली १९९३ मध्ये. ॲपोई-४ हा जनुकाचा प्रकार असलेल्यांना अल्झायमरचा धोका जास्त असतो, हे त्या वर्षी अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. ॲपोई हे प्रथिन कोलेस्टेरॉल आणि इतर मेद वाहून नेतं. हृदयविकारवाल्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे हृदयाचा आणि मेंदूचा धागा एकच असेल का? मग ताटातल्या लोण्याचंही काही देणंघेणं असेल?

हे तपासायला लागणारा डेटा एका ठिकाणी तयार होत होता. रॉटरडॅम शहरातल्या ओमोर्ट या वस्तीत १९९० पासून ५५ वर्षांवरच्या ७,९८३ लोकांचा अभ्यास सुरू होता. आहाराची माहिती घ्यायची पद्धतही चांगली होती. आधी घरी एक यादी भरून घ्यायची, मग केंद्रावर आहारतज्ज्ञाने समोर बसवून १७० पदार्थांबद्दल विचारायचं. हे वाचताना मला खरंच हेवा वाटला. आपल्याकडे एका माणसाला ४० पदार्थ विचारेपर्यंत तो घड्याळाकडे बघायला लागतो.

१९९७ चा पेपर याच डेटावरचा. सुरुवातीला स्मृतिभ्रंश नसलेले ५,३८६ लोक, सरासरी २.१ वर्षांचा फॉलो-अप. एकूण मेद जास्त खाणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका २.४ पट, संपृक्त मेदासाठी १.९ पट, आणि मासे खाणाऱ्यांमध्ये धोका निम्म्याहूनही कमी. सगळं गृहीतकाला साजेसं. हा पेपर पुढे भरपूर उद्धृत झाला.

आता त्यातला एक आकडा बघा, जो मी पहिल्यांदा वाचताना सरळ ओलांडून गेले होते. या काळात स्मृतिभ्रंश झालेले लोक किती? ५८. ते मेदाच्या प्रमाणानुसार तीन गटांत वाटायचे. दोनचार माणसं इकडची तिकडे झाली तरी उत्तर हलणार. २.४ या आकड्याचा विश्वासांतर १.१ ते ५.२ असा आहे, म्हणजे 'जेमतेम' पासून 'पाच पट' पर्यंत काहीही.

पाच वर्षांनी त्याच अभ्यासातून, बरेचसे तेच संशोधक सहलेखक असलेला दुसरा पेपर आला. ५,३९५ लोक, फॉलो-अप सरासरी ६ वर्षं, स्मृतिभ्रंश झालेले १९७. शीर्षकातच प्रश्न होता, मेदाने फरक पडतो का? उत्तर: संबंध दिसत नाही. एकूण मेद नाही, संपृक्त नाही, ट्रान्स नाही, कोलेस्टेरॉल नाही, ओमेगा-३ सुद्धा नाही.

आपला गाजलेला निकाल आपल्याच डेटाने टिकत नाही हे दिसल्यावर ते छापणं सोपं नसतं. त्यांनी छापलं. गंमत अशी की अजूनही कितीतरी प्रपोजलमध्ये पहिलाच पेपर भेटतो, दुसरा भेटत नाही.

छोटी संख्या हे एक कारण झालं. दुसरं कारण मला पुस्तकात नाही, घरी समजलं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रश्नावलीचा सराव म्हणून मी आजीला समोर बसवलं. आम्ही कोकणातले. मासे किती वेळा? आजी ठामपणे म्हणाली, "आठवड्यातून तीनदा. बांगडा, नाहीतर तारली." स्वयंपाकघरातून आई बाहेर आली आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. आजीने वर्षभर मासे जवळजवळ सोडले होते. काटे काढायचा कंटाळा येतो म्हणायची. तिने सांगितला तो तिचा चाळीस वर्षांपूर्वीचा आहार होता. मी 'आठवड्यातून तीनदा' वर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. दीड वर्षाने डॉक्टरांनी अल्झायमरचं निदान सांगितलं.

माझी आजी त्या दोन वर्षांच्या अभ्यासात असती तर? सुरुवातीला 'निरोगी' म्हणून नोंदली गेली असती, दीड वर्षाने ५८ मधली एक झाली असती, आणि मासे भरपूर खाऊनही आजार झाला अशी तिची नोंद राहिली असती. अल्झायमरचे बदल मेंदूत लक्षणांच्या १०-२० वर्षं आधी सुरू होतात. दोन वर्षांत ज्यांचं निदान होतं, त्यांचा आजार प्रश्नावली भरतानाच आत आलेला असतो. तो भूक बदलतो, चव बदलतो, आणि ज्या आठवणीवर आपला सगळा डेटा उभा आहे तिलाच पोखरतो. मग ताटामुळे आजार की आजारामुळे ताट, हे कसं ओळखणार?

मग फॉलो-अप लांबवायचा, एवढंच? फिनलंडमध्ये ती संधी होती. कुओपिओ आणि योएन्सू भागातल्या लोकांची मध्यमवयात, १९७२ ते १९८७ दरम्यान, हृदयविकारासाठी पाहणी झाली होती. त्यातल्या १,४४९ जणांना सरासरी २१ वर्षांनी पुन्हा तपासलं. २००६ च्या पेपरमध्ये मध्यमवयातल्या मध्यम प्रमाणातल्या बहुअसंपृक्त मेदाचा कमी धोक्याशी संबंध दिसला, विशेषतः ॲपोई-४ वाल्यांमध्ये. ('मध्यम' शब्दाकडे लक्ष द्या, 'जितकं जास्त तितकं बरं' असं नाही.) अडचण अशी की हिशोब होता मुख्यतः पावाला लावायच्या मेदाचा आणि दुधाच्या पदार्थांचा. १७० पदार्थ विचारावेत तर वर्षं कमी, वर्षं भरपूर असावीत तर प्रश्न कमी.

हे सगळं सोडून सरळ ट्रायल करावी असं तुम्ही म्हणाल. केल्या ना. अल्झायमर झालेल्या ४०२ जणांना १८ महिने रोज २ ग्रॅम डीएचए देऊन पाहिलं, २०१० मध्ये निकाल आला, ऱ्हास मंदावला नाही. फ्रान्समध्ये सत्तरीपुढच्या १,६८० लोकांवर तीन वर्षांची ओमेगा-३ ची ट्रायल झाली, २०१७ मध्ये तिथेही स्पष्ट फायदा नाही.

शिकागोच्या मार्था क्लेअर मॉरिस यांची गोष्ट मला जास्त लागते. २००३ मध्ये त्यांच्या गटाने ८१५ वृद्धांच्या अभ्यासातून मासे आणि संपृक्त मेद यांवरचे पेपर दिले, निष्कर्ष १९९७ च्या रॉटरडॅमसारखेच. त्यावर न थांबता त्यांनी २०१५ मध्ये माइंड नावाचा आहार मांडला आणि तो स्वतःच ट्रायलमध्ये उतरवला: ६०४ लोक, तीन वर्षं. २०२० मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. निकाल २०२३ मध्ये आला. दोन्ही गटांचे गुण सुधारले, दोघांत लक्षणीय फरक नाही. तुलनेच्या गटालाही कॅलरी थोड्या कमी करायला मदत दिली होती, त्यामुळे तोही 'काहीच न केलेला' गट नव्हता. तीन वर्षं पुरेशी होती का, हा प्रश्न इथेही आलाच. तरी मला वाटतं की 'काळ कमी पडला' ही पळवाटही होऊ शकते. प्रत्येक नकारात्मक ट्रायलला ती लावली तर गृहीतक कधीच हरणार नाही.

बाबा मला विचारतात, आजीचं तूप बंद करायचं का, कॅप्सूल सुरू करायच्या का. मी सांगितलं, तिच्या वरणभातावरचं तूप राहू द्या, हल्ली तेवढ्यासाठीच ती नीट जेवते. कॅप्सूलचे पैसे मी वाचवायला लावले.

माझ्या प्रश्नावलीत आता एक जादा रकाना आहे: 'ही माहिती कुणी दिली?' त्याच्याखाली घरातल्या दुसऱ्या माणसाला तेच दहा प्रश्न. मुलाखतीचा वेळ त्यामुळे जवळजवळ दीडपट झालाय. गाईडनी तो रकाना खोडलेला नाही, अजून तरी.