कुरळ्या केसांना रेट्रो फुगीरपणा कसा द्यावा?

१९७०-८०च्या दशकांतला फुगीर कुरळा लूक उलटे विंचरून, स्प्रे मारून किंवा पर्म करून मिळवला जाई. पर्ममध्ये रसायनांनी केसांतील डायसल्फाइड बंध तोडून नव्या आकारात जोडतात. त्याने केस कमजोर होतात. केस मुळातच कुरळे असतील, तर याची गरज नाही. पाण्याने सुटलेले हायड्रोजन बंध केस वाळताना पुन्हा जुळतात, म्हणून वाळतानाचा आकार टिकतो.

जवसाचे जेल : चंद्रपूर-गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत उतेरा पद्धतीने जवस घेतात. पाव कप जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर दाटसर होईपर्यंत उकळा आणि गरम असतानाच गाळा. जेल फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते.

कृती : ओल्या केसांना कंडिशनर, मग जेल लावा. मान खाली घालून केस मुठीत हलके दाबा. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. नंतर बोटांनी मुळे मोकळी करा, कंगवा नको.

ऋतूनुसार : मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याने केस बसतात. घरी आल्यावर ओलसर बोटांनी मुळे उचला. पावसाळ्यात दमट हवेने बंध पुन्हा सुटून केस पिंजारतात, तेव्हा जेल थोडे जास्त घ्या.