गुंग महालातली मुलं

नगरकरांना अकबर आठवतो तो भुईकोट किल्ल्यामुळे. 1600 साली मोगलांनी किल्ला घेतला आणि त्याच धामधुमीत चांदबिबी मारली गेली. आज मात्र आपण त्याच अकबराचा वीसेक वर्षं आधीचा एक प्रयोग पाहू.

प्रश्न जुना होता. कुणीच शिकवलं नाही, तर मूल कोणती भाषा बोलेल? बदाऊनी लिहितो, की आयांना पैसे देऊन सुमारे वीस तान्ही मुलं घेतली आणि वस्तीपासून दूर एका घरात ठेवली. त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही, असा हुकूम होता. या घराला लोक ‘गुंग महाल’, म्हणजे मुक्यांचा वाडा म्हणू लागले. 1582 मध्ये बादशहा स्वतः तिथे गेला. कानावर एकही शब्द आला नाही. काही मुलं तर त्याआधीच दगावली होती. अबुल फजलने निष्कर्ष काढला: वाणी ऐकण्यातून येते.

आता इथे जरा थांबू. दूध होतं, छप्पर होतं, सांभाळणाऱ्या दाया होत्या. नव्हती ती देवाणघेवाण. शिवाय दरबार शब्द ऐकायला गेला होता. मुलांचे हात काय सांगत होते, हे कुणी पाहिलं का? 1980 च्या दशकात निकाराग्वात शाळेत एकत्र आलेल्या कर्णबधिर मुलांनी आपसांत नवी खुणांची भाषा घडवली. म्हणजे कान नसला तरी चालतं, सोबत मात्र लागते. आणि ती वेळेत लागते. खुणांची भाषा फार उशिरा मिळालेल्यांना तिचं व्याकरण मोठेपणीही जड जातं.

हे सगळं सांगायचं कारण आमची एक चूक आहे. शेजारच्या एका मुलाला ऐकू येत नव्हतं. त्याच्या आईला आम्हीच म्हणालो, “काही मुलं उशिरा बोलतात हो, धीर धरा.” तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक बोलले म्हणून तिने ऐकलं. त्यात तीन वर्षं गेली. माणसांनी भरलेल्या घरात ते पोर एकटं राहिलं.

म्हणून एवढंच सांगणं, की मूल हाकेला वळत नसेल तर थांबू नका. कान तपासून घ्या, आणि खुणांची भाषा त्याच्यासोबत घरातल्या सगळ्यांनी शिका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही तिला संवादाचं साधन म्हणून मान दिला आहे.