जामखेडच्या बायांची गोष्ट

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी थोर स्त्रियांची चरित्रे येतात. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्याविषयी आपण वाचतो, आणि ते वाचावेच. यंदा मात्र ज्यांची नावे शाळेच्या पुस्तकांत सहसा सापडत नाहीत अशा काही बायांचा इतिहास भगिनींपुढे ठेवावा असे मनात आले. त्या काही फार दूरच्या नाहीत. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेड तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत त्या राहणाऱ्या. कोणी शेतमजुरी करणारी, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी गावकुसाबाहेर जन्मलेली. त्यांनी आपल्या गावांचे आरोग्य सुधारले, ते कसे, हे सांगावयाचे आहे.

जामखेड हा अवर्षणाचा मुलूख. पाऊस आला तर ज्वारी-बाजरी, नाही तर उसाच्या तोडीला किंवा खडी फोडायला जाणे, असा तिथला जन्म. १९७० च्या सुमारास तिथे जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. म्हणजे दर सहा घरांत एक पाळणा रिकामा होत होता असे समजा. आणि ही मुले कशाने जात? हगवणीने, धनुर्वाताने, डांग्या खोकल्याने आणि उपासमारीने. यांपैकी एकही रोग असा नव्हता की ज्यावर उपाय माहीत नव्हता.

अशा जागी १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. आधी त्यांनी नेवासे तालुक्यात वडाळा येथील मिशनच्या दवाखान्यात काही वर्षे काम केले होते. तिथे त्यांना एक गोष्ट खुपू लागली. आजारी मूल आणावे, ते बरे करून घरी पाठवावे, आणि थोड्याच दिवसांत तेच मूल त्याच आजाराने पुन्हा यावे. घरचे पाणी तेच, घरची चूल तशीच रिकामी; मग औषध किती दिवस पुरणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ते अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले आणि मुद्दाम जामखेडची निवड केली. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांचे काम सुरू झाले.

पहिल्याने त्यांनी शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यांत पाठविले. पण तो बेत जमला नाही. परगावची तरुण मुलगी एकटी खेड्यात कशी राहणार? आणि राहिली तरी गावच्या बाया तिला आपले दुखणे मोकळेपणी कशा सांगणार? तेव्हा विचार बदलला. बाई गावातलीच हवी, तिला निवडायचे ते गावानेच, आणि शिकवायचे ते आपण, असे ठरले. अशा निवडलेल्या बायांत पुष्कळशा निरक्षर होत्या, आणि बऱ्याचशा दलित वस्तीतल्या होत्या.

अक्षरशत्रू बाई औषधपाणी कसे करणार, असे लोकांनी विचारले असणारच. मी स्वतः सातवीपर्यंतच शिकलेली असल्याने मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु ज्या बाईला लिहिता येत नाही ती डोक्यात साठवते, हे आपण विसरतो. आपल्या आज्या शेकडो ओव्या तोंडपाठ म्हणत. कोणाच्या घरी कितवा महिना चालू आहे, कोणाचे मूल कोणत्या तिथीला झाले, हे वहीवाचून सांगत. तीच बुद्धी इथे कामी आली. बाया दर आठवड्याला जामखेडला येत, थोडे शिकत, गावी जाऊन तेवढे करून पाहत, आणि पुढच्या खेपेला काय घडले ते सगळ्यांना सांगत.

या येण्यातच आणखी एक मोठी गोष्ट घडली. बाया एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि रात्री जमिनीवर एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. निरनिराळ्या जातींच्या बायांना हे सोपे गेले नाही. जन्मभर शिवाशिव पाळलेले मन एका रात्रीत बदलत नाही. पण थंडीत पांघरूण एकच असेल तर अंग चोरून किती वेळ निजणार? हळूहळू आडपडदा गेला, आणि ज्या बाईला गावात कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हते ती त्याच गावात बाळंतिणीच्या खोलीत जाऊ लागली.

त्या काय करीत, तेही पाहण्यासारखे आहे. हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडू नये, उलट उकळून निवविलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून घोट घोट पाजावे, हे त्या शिकवीत. नाळ विळ्याने न कापता उकळलेल्या पात्याने कापावी, तिच्यावर राख-शेण लावू नये. पहिला चीक टाकून देऊ नये, बाळाला तोच पाजावा. गरोदर बाईने पोट भरून खाल्ले तर मूल मोठे होऊन अडते, असा समज होता. तो काढून तिला पोटभर जेवायला लावावे. मुलांची वजने घ्यावी, लस टोचून घ्यावी, कुष्ठरोग्याला गावाबाहेर न काढता घरीच औषध चालू ठेवावे. यातले बरेचसे आज आपल्याला साधे वाटते. पण सासूचा आणि सुइणीचा विश्वास बसल्यावाचून यातले एकही घडत नाही, आणि हा विश्वास गावच्याच बाईवर बसतो.

पुरुषांनाही त्यांनी बाजूला ठेवले नाही. आरोळे यांनी गावोगाव व्हॉलीबॉलचे खेळ सुरू केले. खेळायला सगळ्या जातींचे तरुण येत आणि खेळानंतर बोलत बसत. त्यातूनच शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. बायांची महिला मंडळेही निघाली. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा हीच माणसे कामी आली. मुलांसाठी गावोगाव अन्न शिजले, आणि पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरी खणल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक जाणूनबुजून दलित वस्तीत घेतल्या. पूर्वी त्या वस्तीतल्या बाईला गावच्या विहिरीवर लांब उभे राहून कोणी ओंजळीत, कोणी घागरीत ओतील तेवढ्यावर समाधान मानावे लागे. आता गावातल्या बायाच हापसा मारायला तिच्या दारी येऊ लागल्या.

मला वाटते, या साऱ्या इतिहासाचे मर्म त्या हापशापाशी आहे. रोग जात पाहत नाही. पाणी, अन्न आणि औषध देणारे हात मात्र जात पाहत होते. म्हणून सर्वांत खालच्या घरात दुखणे आधी येई आणि तिथून ते वाड्यापर्यंत पोहोचे. जामखेडने ही उतरंड उलटी केली. सर्वांत खालच्या बाईला आधी शहाणे केले, आणि मग सारे गाव निरोगी होऊ लागले. १९७६ साली तिथला बालमृत्यूचा आकडा हजारी ५२ वर आला. पाच-सहा वर्षांत एवढा फरक पडला.

मुक्ताबाई पोळ या त्यांपैकीच एक आरोग्यसेविका. १९८८ साली त्या अमेरिकेत वॉशिंग्टन येथे आरोग्याच्या एका मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग. आम्ही मात्र साध्या दिव्यासारख्या, एका दिव्याने दुसरा दिवा लागतो. जामखेडच्या बाईने एवढ्या विद्वानांपुढे असे बोलावे, याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९७८ मध्ये आल्मा-आटा येथे जगातील देशांनी सर्वांसाठी प्राथमिक आरोग्याची घोषणा केली, त्याच्या आधीच जामखेडचा अनुभव जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पुस्तकात छापून आला होता. २००५ पासून देशभर गावोगावी ‘आशा’ ताई नेमल्या गेल्या, त्यांच्या कामातही हेच तत्त्व आहे: गावची बाई, गावासाठी. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांतजी २०११ मध्ये निवर्तले. त्यांनी उभारलेल्या संस्थेचे काम मात्र त्यांच्यामागेही चालू राहिले.

आता थोडे घरचे. दोन वर्षांमागे पावसाळ्यात आपल्या आळीत काविळीची साथ आली, ती सर्वांना आठवत असेल. आपण डॉक्टरांकडे धावलो, उसाचा रस पाजला, नवस बोललो. नळाची जोडणी गटारापाशी फुटली आहे, हे सर्वांत आधी कोणाला माहीत होते? रोज पहाटे आळी झाडणाऱ्या बाईंना. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाची सून दिवसांत आहे, कोणते मूल खंगत चालले आहे, हेही त्या जाणतात. त्यांनी दोन-तीन दारी सांगून पाहिले. माझ्याही दारी सांगितले. मी ‘बरं बरं’ म्हणाले आणि चहा दिला. तो चहा मी खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कपात दिला, हे लिहिताना लाज वाटते, पण खरे ते लिहिले पाहिजे. त्यानंतर माझ्याच घरात मुलीला कावीळ झाली. ती बरी झाली, देवाची कृपा. जामखेडविषयी जे वाचले-ऐकले ते त्या दुखण्यानंतर मला नीट समजले.

तो कप आता माझ्या घरात नाही. पण एका घरचा कप गेल्याने मंडळ बदलत नाही. आपल्या सभासदांच्या यादीत इतक्या वर्षांत आळी झाडणारी, भांडी घासणारी, भाजी विकायला बसणारी एकही बाई नाही. हळदीकुंकवालाही आपण त्यांना बोलावीत नाही. म्हणून यंदाच्या वार्षिक सभेत मी असा ठराव मांडणार आहे की आपल्या आळीत राबणाऱ्या या भगिनींना वर्गणीवाचून सभासद करून घ्यावे, आणि महिन्यातून एकदा आळीच्या आरोग्याचा विचार त्यांना मध्ये बसवून करावा. आपल्या भागातल्या आशाताईंनाही बोलवावे. ठरावाला अनुमोदन देणारी एक तरी भगिनी उभी राहील अशी आशा करते आणि लेखणी खाली ठेवते.