सरकारी अनुदान आणि स्वयंसेवी संस्था : १९५३ चा एक प्रयोग

पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी समाजकल्याण संस्थांसाठी ४ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि एक अवघड प्रश्न उभा राहिला. हा पैसा वाटायचा कुणी? मंत्रालयातील अधिकाऱ्यांनी, की प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी?

ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. पहिल्या अध्यक्षा होत्या दुर्गाबाई देशमुख. मद्रासमध्ये आंध्र महिला सभा त्यांनीच उभारली होती. संस्था चालवण्यातली ओढाताण त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मंडळात बिगरसरकारी कार्यकर्त्यांना मानाचे स्थान मिळाले. १९५४ पासून राज्योराज्यी सल्लागार मंडळेही निघाली. (तेव्हाचे अर्थमंत्री, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख, हे दुर्गाबाईंचे यजमान. विवाह १९५३ च्या जानेवारीतला!)

मला मात्र एक गोष्ट खटकते. एवढा मोठा डोलारा केवळ एका सरकारी ठरावावर उभा होता. १९६९ मध्ये कंपनी कायद्याखाली नोंदणी होईपर्यंत मंडळाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्वच नव्हते. आणि नोंदणीनंतरही पैसा केंद्राच्याच तिजोरीतून येत राहिला.